दिवेलागणीचा आकडा

माझ्या घरातलं मशीन मंदावलंय, हे मला माझ्या मुलाने कॅनडातून कळवलं. मी त्या मशीनपासून हातभर लांब बसून तांदूळ निवडत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. फोन वाजला. तो म्हणाला, आई, आकडा खाली आलाय, जरा बघ बरं पंखे फिरतायत का सगळे. मी चष्मा लावून बघितलं. फिरत होते. घरघर तर नेहमीसारखीच होती. मी म्हटलं, सगळं आहे तसं आहे रे. तो म्हणाला, नाय आई, काहीतरी बिघडलंय.

आता हे मशीन काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी कशाबद्दल बोलतेय. टोकावड्याच्या अलीकडे, घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे. पुढच्या खोलीत लादी आहे, मागच्या दोन खोल्यांत सारवलेली जमीन. त्यातल्या एका खोलीत पूर्वी भाताची कणगी असायची. शेती दुसऱ्याला करायला दिली, कणगी रिकामी झाली, मग मोडली, आणि त्या जागी मुलाने हे मशीन आणून ठेवलं. लोखंडी चौकट, तिच्यात ओळीने सहा कार्डं उभी, प्रत्येक कार्डाला तीन-तीन छोटे पंखे. कॉम्प्युटरवर खेळ खेळणारी मुलं असली कार्डं वापरतात म्हणे. ती सहाही दिवसरात्र गणितं सोडवत बसतात, आणि गणितं सुटली की त्याला थोडे थोडे कॉईन मिळतात. कॉईन म्हणजे हातात धरायचे नव्हेत, ते फोनमध्येच असतात. किती वेगाने गणितं सुटतात त्याला हॅशरेट म्हणतात. मी आपली आकडा म्हणते, तो त्याला कुठूनही फोनवर दिसतो.

आधी हे त्याच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये होतं. तिथे खालचे-वरचे आवाजाची तक्रार करायला लागले, म्हणून गावी आणलं. परसात लोखंडी मांडव घालून त्यावर सोलरच्या पाट्या बसवल्या. मागच्या खिडकीची काच काढून तिथे मोठा पंखा लावला, गरम वारा बाहेर टाकायला. आणि हे सगळं नीट लागतंय न लागतंय तोच त्याला तिकडची नोकरी लागली. मशीन राहिलं माझ्याकडे.

लोक विचारायचे, एवढा आवाज सहन कसा होतो? मी त्यांना काय सांगणार. माझं माहेर शहापूरकडे. वडील भातसाच्या धरणावर कामाला होते आणि आम्ही भातसानगरच्या वसाहतीत वाढलो. धरणाचं काम चालू होतं, यंत्रं दिवसरात्र चालायची. मी त्या घरघरीत झोपायला शिकले. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस झोप लागली नाही, सासूबाईंना वाटलं मुलगी माहेरच्या आठवणीने जागते. मी जागत होते ते शांततेने. पुढे मुलं-माणसं, गुरं, भात झोडणं, घर कायम बोलतं राहिलं, सवय झाली. मग मालक गेले, मुलगा पुण्याला गेला, गुरं विकली. घर इतकं गप्प झालं की मी भांडी मुद्दाम आपटून घासायचे. त्यात हे मशीन आलं. पहिल्या दिवशी त्याने बटण दाबलं आणि ती घरघर सुरू झाली तेव्हा मला वाटलं, घरात कुणीतरी झोपलंय आणि घोरतंय. मला बरं वाटलं. खरं तेच सांगते.

तर आकडा खाली आला. मुलगा म्हणाला, पहिला संशय व्होल्टेजवर. संध्याकाळी गावातले सगळे पाण्याचे पंप एकदम चालू होतात, आमच्याकडे दिव्याचा उजेड पिवळा पडतो. त्याने मला स्टॅबिलायझर आणायला लावला. मी एसटीने मुरबाडला गेले. दुकानदार विचारतो, आजी, फ्रिजसाठी की टीव्हीसाठी? मी म्हटलं, गणितं सोडवायच्या मशीनसाठी. तो म्हणाला, नातवाला शिकवणी लावा, स्वस्त पडेल. मीही हसले. वजनदार डबा होता तो, कंडक्टरने हात लावला म्हणून चढवता आला. स्टॅबिलायझर जोडला, दिव्यासारखी कार्डं पिवळी पडायची थांबली असतील कदाचित, पण आकडा काही वर गेला नाही.

मग तो म्हणाला, गरमी. कार्डं तापली की स्वतःच हळू होतात, जळू नये म्हणून. माणसासारखंच. उन्हात मळणी करताना आपण नाही का झाडाखाली टेकत. तापण्याचं कारण धूळ असेल, म्हणाला. ब्रशने पुसून घे. मी पुसलं. ब्रश खाकी झाला. दोन दिवस आकडा चढला, परत उतरला. मग मीच डोकं चालवलं. माझं एक जुनं सुती लुगडं होतं, विरलेलं. पाणी गाळतो तसा वारा गाळावा असं मनात आलं. लुगडं दुहेरी करून चौकटीच्या पुढे बांधलं. अंघोळ करून येते तो घर गप्प. मशीन आपोआप बंद पडलेलं, हात लावला तर तवा.

लगेच फोन आलाच. व्हिडिओवर लुगडं बघितलं आणि तो कितीतरी वेळ हसत राहिला. म्हणाला, "आई, तू त्याचं नाक दाबलंस गो." लहानपणी तो मला गो म्हणायचा, शेजारणींचं ऐकून. मी रागवायचे. त्या दिवशी नाही रागावले.

खरं सांगायचं तर ते दिवस चांगले गेले. एरवी त्याचा फोन रविवारी. जेवलीस का, औषध घेतलंस का, थंडी फार आहे इकडे, ठेवू का. मशीन बिघडलं तसा रोज यायला लागला. तिकडे त्याची सकाळ व्हायची तेव्हा इकडे माझी संध्याकाळ. हातात कॉफीचा मग घेऊन तो बसायचा आणि मी फोन डब्याला टेकवून ठेवायचे. त्याच्यामागे खिडकीत बर्फ, माझ्यामागे लसणाची माळ. तो म्हणायचा तिसरं कार्ड दाखव, मी दाखवायचे. तो म्हणायचा, ही केबल काढून परत घट्ट बसव, मी बसवायचे. एकदा म्हणाला, तुझा हात कापतो का गं? मी म्हटलं, फोन कापतोय.

मग पेस्ट आली. कार्डाच्या पोटात एक चौकोनी चिप असते, तिच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा बसतो, तो तिची उष्णता ओढून घेतो. दोघांच्या मध्ये राखाडी पेस्ट असते. ती वाळली की उष्णता आतच राहते. त्याने ती पेस्ट आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर पार्सलने पाठवले. मी ओटीवर पाट मांडला, त्यावर स्वच्छ पंचा घातला, आणि मुलगा सांगेल तसं एकेक स्क्रू उघडत गेले. काढलेले स्क्रू ताटलीत ज्या जागेचे त्या जागेवर ठेवायचे. वाळलेली पेस्ट खरवडून कापसाने पुसायची. नवी लावायची ती तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध, बस. मला वाटलं एवढ्याने काय होणार, जरा सढळ हाताने लावावी. तो ओरडला नाही, पण म्हणाला, आई, गंध लावतेस तसं लाव, लेप नको देऊस. तेव्हा कळलं. पहिलं कार्ड परत जोडून चालू केलं. पंखे फिरले. तो म्हणाला, थंड आहे गं, एकदम थंड. बारावीचा निकाल लागल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. किंवा माझा.

सहाही कार्डं केली, रोज दुपारी एक, तो तिकडे पहाटे उठून बसायचा. आठवडाभर आकडा ताठ उभा राहिला. आणि मग परत खाली. पाचव्या कार्डाचा एक पंखा अडकला. मग दुसऱ्याचा.

इथे त्याचा धीर सुटला. माझ्यावर नाही चिडला, तो तसा चिडत नाही. मग म्हणाला, जाऊ दे आई, या कॉईनमध्ये तसंही आता फार काय उरलं नाय. कल्याणला एकजण जुनी कार्डं घेतो, म्हसा गावच्या जत्रेच्या आधी त्याला पाठवून देतो, तो सगळं उचलून नेईल. तुझीही कटकट संपेल. मी म्हटलं, मला कसली कटकट. तो म्हणाला, अगं एवढा आवाज. मी म्हटलं, आवाजाचं काय. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, बघू, जत्रेपर्यंत सुधारलं तर ठेवू.

फोन ठेवला आणि मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. कणगी मोडली तेव्हा जागा रिकामी झाली होती, घर नव्हतं झालं. हे गेलं तर घरच रिकामं होणार होतं. भांडी आपटून घासायचे दिवस मला परत नको होते.

म्हणून मी त्याची जास्तच निगा राखायला लागले. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

झालं काय, आमच्याकडे घरात जे कमावतं त्याची जागा सारवलेली असते. कणगीच्या बुडाशी दर सोमवारी सारवण व्हायचं, हा सासूबाईंचा नेम, त्यांच्या सासूचाही. औताची जागा, जात्याची जागा, सगळ्यांना शेणाचा हात. मशीन आलं तशी मी त्याच्याही भोवती सारवायला लागले, सोमवारचा सोमवार. आणि मुलगा म्हणाला धूळ नको, तेव्हा सोमवार आणि गुरुवार. वेशीजवळच्या गोठ्यातून बादलीभर शेण आणायचे, पातळ कालवायचे, बोटांच्या कमानी उमटतील असं सारवायचे. जमीन ओली, हिरवी, गार. मशीनचा गरम वारा लागून घटकाभरात वाळायची सुद्धा. मला वाटायचं, काय छान वाळतंय.

एके दुपारी अडकलेला पंखा काढून ओटीवर धुवायला घेतला. मुलाने सांगितलं होतं कोरड्या ब्रशनेच पूस, पण पात्यांवरचा थर काही निघेना, म्हणून ब्रश पाण्यात बुडवला. ओला ब्रश फिरवला आणि वास आला. सारवणाचा. मी आधी हात हुंगले, मग पंखा. थोडा थर तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला, बोटाने चोळला. शंकाच नको. ते शेण होतं. वाळलेल्या सारवणाची पूड, पिठासारखी बारीक. मशीन खालून वारा ओढत होतं आणि मी त्याला दर चार दिवसांनी नवा थर वाढून ठेवत होते.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, तू त्याला शेण खायला घालत होतीस. आणि दोघंही हसलो. पण हसताना माझ्या मनात चालू होतं, आता सारवण बंद करायचं. सासूबाई नसल्या तरी हाताला वळण त्यांचं, सोमवार उजाडला की हात आपोआप बादलीकडे जायचा. आवरला. दोन सोमवार त्या खोलीला हात लावला नाही.

आणि तुम्हाला वाटेल सुधारलं. उलट झालं. सारवलेली जमीन ही रोजच्या भाकरीसारखी आहे, पाठ फिरवून चालत नाही. हात लागला नाही की तिला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात, चालताना पायाखाली भुगा होतो. मशीनने तो सगळा भुगा ओढला. तिसऱ्या आठवड्यात आकडा निम्म्यावर. सारवलं तरी धूळ, नाही सारवलं तरी धूळ. पुढच्या लादीवर हलवावं तर वारा टाकायचा पंखा आणि सोलरच्या तारा मागच्याच खोलीत. त्या खोलीत एक तर ते मशीन राहणार होतं, नाही तर ती जमीन.

मुलगा म्हणाला, तुझी जमीन आहे, तू ठरव. मी मशीन विकायला तयार आहे. मला वाटतं त्याला खरंच तसं वाटत होतं. मी एक रात्र विचार केला. त्या जमिनीवर मी बाळंतीण होते. सकाळी उठून गवंड्याला निरोप धाडला, कोबा करायचाय म्हणून.

कोबा म्हणजे नुसतं सिमेंट पसरलं आणि झालं असं नसतं. गवंड्याने वरचा मातीचा थर उकरला, त्याची बाहेर रास केली. सारवणाचे किती थर होते त्यात, पापडासारखे एकावर एक. मी तिकडे बघितलं नाही, चहा करायला गेले. खडी, सिमेंट, मग घोटून घोटून गुळगुळीत. वरून रोज पाणी मारायचं, आठ-दहा दिवस ओला ठेवायचा, नाहीतर तडकतो. तोवर मशीन बंद. पुढच्या खोलीत नेऊन चादर घालून ठेवलं.

पहिला दिवस गवंड्याच्या आवाजात गेला. तो संध्याकाळी हातपाय धुऊन निघाला आणि घर गप्प झालं. मी देवापुढे निरांजन लावलं. काडी ओढल्याचा आवाज सुद्धा केवढा मोठा वाटला. आणि मागून, कुडाच्या पलीकडून, हाक आली.

"दिवा लागला काय गो?"

मी काडीपेटी हातात धरून तशीच उभी.

आता ही हाक काय ते सांगायला हवं. आमच्या परसाच्या कुंपणाला, या कुडाला, लागून माझ्या चुलत जावेचं घर. माझ्याहून थोरली, मी तिला वयनी म्हणते. तीही एकटीच. तिचे गुडघे गेलेले, आवाराबाहेर पडत नव्हती. आमच्या आळीत लेकी-सुना नांदत होत्या तेव्हापासूनची रीत आहे, दिवेलागण झाली की शेजारणीने कुडावरून विचारायचं, दिवा लागला काय. पलीकडून म्हणायचं, लागला. बस एवढंच. लागला म्हणजे घरात सगळं बरं आहे, चूल पेटलीये, माणूस उभं आहे. लागला नाही म्हटलं, किंवा आवाजच आला नाही, तर हातातलं टाकून जाऊन बघायचं. आळीतली घरं एकेक करून बंद झाली, कुणी कल्याण, कुणी डोंबिवली. शेवटी आम्ही दोघीच उरलो हाक द्यायला आणि घ्यायला.

मशीन आलं तशी ती हाक थांबली होती. निदान मला तसं वाटलं होतं. खिडकीतल्या पंख्याचा गरम वारा तिच्या कुडावर जायचा, तिचा दुधीचा वेल करपला, त्यावरून ती एकदा मला लागेल असं बोलली. पुढे हाक येत नाही हे ध्यानात आलं, तेव्हा मी म्हटलं, राहू दे, रुसली असेल, आपण तरी का आधी बोलावं. तिच्या ओट्यावर दिसली तर मान हलवायचे.

मी मागच्या दारात गेले आणि म्हटलं, "लागला."

 मग वयनी म्हणाली, "जिती हायेस म्हणजे."

मी चप्पल पण घातली नाही, वळसा घालून तिच्या दारात गेले. ती ओट्यावर बसली होती, मांडीवर वालाच्या शेंगा. मी विचारलं, वयनी, आज कशी काय हाक मारलीत इतक्या दिवसांनी? 

"आज? मी रोज मारते. तुला कुठं आयकायला येतंय. तुझ्या घरात ता विमान चालू असतं."

मी म्हटलं, रोज?

"रोज. तू काय बोलत नाय, मग मी कुडापाशी जाऊन बघते, तुझ्या खिडकीत उजेड दिसला की येते परत. गुडघं धरून." शेंग सोलली. "मला वाटलं, पोराने कॅनडातून काय धाडलंय, आता ही कशाला बोलते आमच्याशी."

 इतके दिवस माझ्या घरात कुणी नाही म्हणून मी ज्या घरघरीला धरून बसले होते, तिच्याच पाठीमागे रोज एक माणूस मला हाक मारत होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. तिने ताट माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, दुधीच्या वेलाचं काय करणार आहेस? मी म्हटलं, पंख्याला पत्रा लावून वारा वर काढते. म्हणाली, बघू.

कोबा वाळेपर्यंत रोज संध्याकाळी हाक आली आणि मी ओ दिली. कधी मी आधी द्यायचे. मग मशीन परत जागेवर गेलं. पंखे धुतलेले, पेस्ट ताजी, खाली गुळगुळीत सिमेंट, धुळीचं नाव नाही. वारा वर काढायला पत्रा बसवला. बटण दाबलं. मुलगा तिकडून आकडा बघत होता. म्हणाला, आई, नवीन होतं तेव्हासुद्धा एवढा नव्हता. त्याचा आवाज किती मोकळा झाला होता. कल्याणच्या माणसाचा विषय निघाला नाही.

आणि मग, व्हायचं तेच झालं. सगळं नीट चालू लागलं तसं बोलायला काही उरलं नाही. रोजचा फोन एक दिवसाआड झाला, मग परत रविवारवर आला. जेवलीस का. थंडी फार आहे. ठेवू का.

मी मात्र एक केलं. दिवेलागणीला मशीन बंद करायचं. हाक ऐकू आली पाहिजे ना. पहिल्याच संध्याकाळी फोन. आई, काय झालं, आकडा शून्यावर का गेला, लाईट गेली का? मी म्हटलं, नाही रे, मी बंद केलं. सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, असं रोज बंद-चालू केलं की कार्डं थंड-गरम होऊन तडकतात, त्यांचं आयुष्य कमी होतं. मी म्हटलं, मग माझी वयनी?  मग म्हणाला, थांब, तुला पॉज दाखवतो. मशीनला जोडलेल्या छोट्या स्क्रीनवर एक चौकोन आहे, माऊसने त्यावर टिचकी मारली की गणितं थांबतात, पंखे हळूहळू मंद होतात, पण मशीन पुरतं झोपत नाही. काम झालं की परत टिचकी. तेवढं मला जमलं. रोज संध्याकाळी टिचकी, पंखे मंद, मागच्या दारात उभं राहायचं, हाक, ओ, परत टिचकी.

गेल्या पावसानंतर वयनीला तिची लेक आसनगावला घेऊन गेली. गुडघ्यांनी उभंही राहवत नव्हतं. जाताना मी तिला गाडीत बसवलं, तर मला म्हणते, "तुझं विमान नीट उडव." रडली नाही, मीही नाही. घराला कुलूप लागलं. दुधीचा वेल यंदा कुडावर भरभरून चढलाय, दुधी मीच काढते, लोकांना वाटते, एकटीला किती लागणार.

पण टिचकी मारायची मी सोडली नाही. कुणी हाक मारणार नाही हे माहीत असून मागच्या दारात उभी राहते. पंखे मंद झाले की रातकिडे ऐकू येतात, वरच्या रस्त्याने घाटाकडे जाणारी एसटी गिअर बदलते ते ऐकू येतं. तिच्या अंधाऱ्या दाराकडे बघून मी कधी पुटपुटते, लागला. मग आत येऊन मशीन चालू करते.

परवा, म्हशाची जत्रा भरली होती त्या दिवसांत, मला ताप भरला. गाव निम्मं जत्रेला गेलेलं. दुपारी गोळी घेऊन पडले ती पडलेच. केव्हा अंधार झाला कळलं नाही. मशीन आपलं घोरत होतं. त्या घरघरीतून फोनचा आवाज कितीतरी वेळाने माझ्यापर्यंत आला. रविवार नव्हता.

मुलगा होता. एरवी तो आधी हॅलो म्हणतो, काय करतेस विचारतो. त्या दिवशी काहीच नाही.

"आई, आज आकडा पडला नाय."

मला कळेना. म्हटलं, मग चांगलंच आहे की, नीट चाललंय.

"नाय गं. रोज या टाइमाला पडतो ना. मी सकाळी उठलो की आधी तेच बघतो. पडला, परत चढला, मग मी अंघोळीला जातो. आज मघापासून बघतोय, सरळच आहे. दिवा लागला काय?"

 मी उशाशी चाचपून चष्मा शोधत होते. त्याला वाटलं आवाजात ऐकू गेलं नाही, त्याने परत विचारलं, मोठ्याने, थेट कुडावरून विचारल्यासारखं.

मी म्हटलं, "लागला नाही रे अजून. थांब, लावते."

भिंत धरत उठले. फोन ठेवला नाही, त्यानेही ठेवू दिला नाही. आधी मागच्या खोलीत जाऊन टिचकी मारली. कोबा पायाला गार लागला. पंखे मंद होत गेले आणि फोनमधून तिकडच्या त्याच्या घरातला आवाज यायला लागला, पाणी उकळत होतं कुठेतरी. मग देवापुढे बसले, काडी ओढली.

"लागला," म्हटलं.

तो म्हणाला, "हां. दिसला."